‘मसल’ शिकवायचा तर बेडकुळीपासून

फळ्यावर स्पेलिंग लिहून ‘मसल म्हणजे स्नायू’ सांगितलं की पोरं ते पाठ करतात आणि आठ दिवसांत मधला ‘सी’ गाळतात. गंगावेशीपासून खासबागेपर्यंत तालमींच्या या कोल्हापुरात तरी सुरुवात दंडापासून करावी.

बाही खांद्यापर्यंत सारायला लावा. कोपर काटकोनात, मूठ घट्ट, तळवा वर. बेडकुळी उठते. किडकिडीत पोराची दिसत नसेल, तर त्याला दुसऱ्या हातानं तेच मनगट खाली दाबू द्या. ताण पडला की गोळा वर येतो. तरी सपाटच राहिली, तर मूठ उलटी आहे का बघा. हा स्नायू कोपर दुमडतो तसा तळवाही वर फिरवतो, त्यामुळं तळवा जमिनीकडं गेला की त्याचा जोर कमी होतो. आता दंडावर चार बोटं आडवी ठेवून कोपर सावकाश उघड-मीट करायची. कातडीखाली काहीतरी सरकतंय, मधेच गोळा होऊन बसतंय, हे बोटांना कळू द्या. शब्द त्यानंतर.

लॅटिनमध्ये ‘मुस’ म्हणजे उंदीर आणि ‘मुस्कुलुस’ म्हणजे पिटुकला उंदीर. रोमन लोकांना तिथं उंदीर दिसला, आपल्याला बेडूक! तोच शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला. त्यातला ‘सी’ आता बोलताना मुका असला, तरी ‘मस्क्युलर’मध्ये ‘क’ होऊन ऐकू येतो. हे दोन्ही शब्द एकाखाली एक लिहून घ्या, ‘सी’ची जागा पक्की होते.

इथं एक चूक हमखास होते: नुसत्या आवाजावरून नातं जोडणं. ‘मांसल’ अर्थानंही जवळचा वाटतो, पण तो ‘मांस’वरून आला, ‘मुसळा’चाही संबंध नाही. खरा भाऊबंद ‘मूषक’. गणपतीच्या दिवसांत तर हे एका वाक्यात समजतं.

‘स्नायू’बद्दलही जपून बोला. सुश्रुतसंहितेत पेशी (म्हणजे मांसाचे गोळे) ५०० आणि स्नायू ९००, असे वेगळे मोजलेत; तिथं स्नायू म्हणजे बांधून ठेवणारे तंतू. मांसाच्या गोळ्याला स्नायू म्हणणं अलीकडचं.

तालमीतल्या पोरांना पुढचे शब्द लगेच उमजतात. ‘बायसेप्स’ म्हणजे दोन डोक्यांचा, त्याची दोन्ही डोकी खवाट्याच्या हाडाला धरलेली. जोर मारताना दंडामागचा तीन डोक्यांचा ‘ट्रायसेप्स’ भरतो, बैठकांत मांडीचा चार डोक्यांचा ‘क्वाड्रिसेप्स’. शेवटचा ‘स’ अनेकवचनाचा नाही, म्हणून एका हाताचाही ‘बायसेप्स’च म्हणायचा.

ग्रीकांनाही स्नायूत उंदीरच दिसला. त्यांचा ‘मुस’ हा शब्द दोन्ही अर्थांचा, आणि त्यावरूनच ‘मायो’ आला. दवाखान्याच्या कागदावर ‘मायोकार्डियम’ दिसलं, तर तो हृदयाचा स्नायू.