साउंड कार्ड विकत घेण्यापूर्वी
घरी जुळवलेल्या संगणकासाठी स्वतंत्र साउंड कार्ड (आवाज ऐकवणारे व ध्वनिमुद्रित करणारे कार्ड) घेण्याआधी मदरबोर्डवरील, म्हणजे संगणकाच्या मुख्य सर्किट बोर्डवरील, अंगभूत ध्वनिव्यवस्था ऐकून पाहावी. गाण्यांसाठी ती बहुधा पुरते, कारण सीडीचा दर्जाही 16 बिट आणि 44.1 किलोहर्ट्झ (ध्वनीच्या नोंदीची बारकाई आणि सेकंदाला होणाऱ्या नोंदी) एवढाच असतो आणि तेवढा ती सहज देते. माउस हलवताना हेडफोनमध्ये खरखर येत असेल, तर कॅबिनेटच्या पुढच्या जॅकऐवजी मागचा वापरावा आणि घरातील अर्थिंग तपासून घ्यावे (सांगलीतील जुन्या वाड्यांत तर आधी तेच). तरीही खरखर राहिली, तर यूएसबीवर चालणारे साधे बाह्य कार्ड पुरेसे ठरते. जुने पीसीआय (मदरबोर्डवरील जुन्या प्रकारच्या स्लॉटचे) कार्ड स्वस्त मिळाले तरी ते पीसीआय एक्सप्रेस या नव्या प्रकारच्या स्लॉटमध्ये बसत नाही. मिरजेच्या तंबोऱ्यावरचा रियाज कंडेन्सर मायक्रोफोनने ध्वनिमुद्रित करायचा असेल, तर मात्र त्या मायक्रोफोनला लागणारे 48 व्होल्ट पुरवणारा ऑडिओ इंटरफेसच (मायक्रोफोन संगणकाला जोडणारे बाह्य उपकरण) घ्यावा.