एम्सची तार शोधायची कशी?

‘सर, १८७०च्या फ्रान्स-प्रशिया युद्धाची प्राथमिक साधनं कुठे मिळतील?’ असं एम.ए.ची पोरं विचारतात, तेव्हा मी उलट विचारतो, त्या दिवशी कागद घेऊन लिहायला कोण बसलं होतं? नुसता विषय टाकून शोधलंत की परीक्षेच्या नोट्स आणि व्हिडिओच वर येतात. माणूस, गाव आणि तारीख टाका, मग कागद दिसायला लागतात.

म्हणून आधी विषय आवळा. मी ५ ते १९ जुलै एवढाच पंधरवडा देतो. प्रशियाच्या राजघराण्याचा नातलग लिओपोल्ड याची स्पेनच्या गादीसाठी पुढे आलेली उमेदवारी १२ तारखेला मागे घेतली गेली, १३ला एम्स या जर्मन गावात फ्रेंच राजदूत बेनेदेत्तीने प्रशियाचा राजा विल्हेल्म याला भेटून अशी उमेदवारी पुन्हा येणार नाही असं वचन मागितलं, १९ला फ्रान्सने युद्ध पुकारलं. आता लिहिणाऱ्यांची यादी करा: एम्सहून या भेटीची तार (हीच ती एम्सची तार) प्रशियाचा पंतप्रधान बिस्मार्क याला करणारा, राजासोबतचा अधिकारी आबेकेन, पॅरिसला कळवणारा बेनेदेत्ती, लंडनला कळवणारे ब्रिटिश राजदूत आणि बातमीदार.

सुरुवात इंग्रजीतून केली तरी काही बिघडत नाही. हॅन्सर्ड, म्हणजे ब्रिटिश संसदेचं कामकाज, फुकट आणि तारीखवार मिळतं. ११ जुलैला लॉर्ड्समध्ये नवे परराष्ट्रमंत्री ग्रॅनव्हिल सांगतात, की खात्यातल्या मुरलेल्या अधिकाऱ्याच्या मते परराष्ट्र व्यवहारात इतकी सामसूम त्याने कधी पाहिली नव्हती. आठ दिवसांत युद्ध!

मग गॅलिका हा फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा डिजिटल संग्रह आणि ऑस्ट्रियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा आन्नो हा वृत्तपत्रसंग्रह. इथे शब्द टाकून शोधण्याआधी कॅलेंडरमधून शिरा: वृत्तपत्र निवडा, १८७० उघडा, तारखेवर क्लिक करा. जुन्या जर्मन छापातली मोठी ‘बी’ आणि ‘व्ही’ अक्षरं वाचणाऱ्या यंत्राला वेगळ्या ओळखू येत नाहीत, त्यामुळे बिस्मार्कचा ‘विस्मार्क’ होतो. लांब ‘एस’चा ‘एफ’ होतो. शोध म्हणतो काही नाही, आणि बातमी पहिल्याच पानावर असते. मी तर मुद्दाम ‘विस्मार्क’ टाकून बघतो, बरंच घबाड हाती लागतं. पॅरिसची काही सायंदैनिकं पुढच्या दिवसाची तारीख घालून निघत, तेव्हा मागचा-पुढचा एकेक अंकही चाळा.

तारेचे पाठ दोन: आबेकेनने पाठवलेला आणि बिस्मार्कने कापून वृत्तपत्रांना दिलेला. दोन्ही छापून शेजारी ठेवा आणि गळलेल्या ओळी लाल पेनने अधोरेखित करा. मूळ तारेत राजाला मधल्या काळात उमेदवारी मागे घेतल्याची खात्रीची बातमी मिळते, म्हणून आता राजदूताशी आणखी बोलण्यासारखं काही उरलेलं नाही. छापील पाठात हे कारणच उडालं आहे. उरतो तो कोरडा नकार. हे पोरांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं की व्याख्यानाची गरज पडत नाही.

याच प्रसंगाची चुरचुरीत हकीकत, सेनाप्रमुख मोल्टके आणि युद्धमंत्री रोन यांच्यासोबतच्या जेवणासकट, बिस्मार्कच्या आठवणींत आहे. त्या १८९८मध्ये, तो वारल्यावर, छापून आल्या. त्या जरूर वापरा, पण म्हाताऱ्या बिस्मार्कला स्वतःला कसं दाखवायचं होतं याचा पुरावा म्हणून.

फ्रेंच परराष्ट्र खात्याने १९१० पासून या युद्धाची पूर्वपीठिका सांगणारी कागदपत्रं २९ खंडांत छापली. ब्रिटिश पत्रव्यवहार लंडनच्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. परराष्ट्र खात्याच्या (फॉरेन ऑफिस, म्हणून एफओ) फायलींत फ्रान्ससाठी एफओ २७, प्रशियासाठी एफओ ६४. सूची घरबसल्या बघता येते, पण सगळ्या फायली स्कॅन झालेल्या नाहीत. ब्रिटिश सरकारने संसदेपुढे ठेवलेल्या ब्लू बुकमध्ये यातली निवडक पत्रं आहेत. निवड सरकारची, हे ध्यानात असू द्या.

भाषेची धास्ती घेऊ नका. पुण्यात असाल तर रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंच किंवा जर्मनचा प्राथमिक वर्ग लावा. मथळे आणि तारखा ओळखण्यापुरती तयारी तेवढ्यावर होते, पुढचं शब्दकोश घेऊन रेटता येतं.

आणि नोंद त्याच बैठकीत करा: वृत्तपत्राचं नाव, अंकाची तारीख, पान, रकाना. गॅलिकावर प्रत्येक अंकाला ‘आर्क’ने सुरू होणारा कायमस्वरूपी क्रमांक असतो, तो उतरवा. ब्राउझरमधला लांबलचक पत्ता तुमच्या त्या वेळच्या शोधाचा असतो, प्रबंधाच्या तळटीपेत तो नको.