फॉरमॅटनंतर मेल पासवर्ड घेत नाही? आधी पासवर्ड बदलू नका

मामांचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज अगदी पडलेला होता. आदल्या दिवशी त्यांनी कॉम्प्युटर फॉरमॅट करून विंडोज नव्याने टाकलं होतं. थंडरबर्ड हा मेल वाचायचा-पाठवायचा प्रोग्राम उतरवला, मेलचा पत्ता भरला, पासवर्ड भरला, तर पासवर्ड विचारणारी ती चौकट काही केल्या हटेना. "अगं, पासवर्ड बरोबर आहे गं. सहा वर्षांत एकदाही बदललेला नाही."

"मामा, आता काहीही टाइप करू नका," मी म्हटलं. "आणि मोबाइलवर मेल चालू आहे ना? तिथून लॉगआउट करू नका."

ही दोन वाक्यं मी हल्ली प्रत्येकाला सगळ्यात आधी सांगते. घरातल्या आणि ओळखीतल्या माणसांचे कॉम्प्युटर नव्याने लावून द्यायचं काम बरीच वर्षं माझ्याकडेच येतं, आणि मशीन सुरू झाल्यावर पहिली अडचण जवळजवळ नेहमी मेलचीच असते. घाबरून लोक दहा वेळा पासवर्ड मारतात, मेल कंपनीचा सर्व्हर खातं थोडा वेळ बंद करतो, मग खरा पासवर्डही चालत नाही. त्यानंतर "फरगॉट पासवर्ड" दाबलं जातं आणि मोबाइलवर नीट चाललेलं मेलही हातचं जातं. म्हणून आधी थांबा. "पासवर्ड चुकीचा आहे" या संदेशाचा खरा अर्थ इतकाच की सर्व्हरने आत घेतलं नाही. का घेतलं नाही, ते आपण शोधायचं.

पहिली परीक्षा ब्राउझरमध्ये. मेल प्रोग्राम बाजूला ठेवा, नव्या कॉम्प्युटरवर ब्राउझर उघडा आणि तुमच्या मेलच्या वेबसाइटवर एकदाच, सावकाश लॉगिन करून बघा. आत गेलात तर पासवर्ड बरोबर आहे. दोष प्रोग्राममध्ये, सेटिंगमध्ये किंवा परवानगीत आहे. आत गेला नाहीत तर पासवर्ड तरी वेगळा आहे किंवा बोटं वेगळं काही टाइप करताहेत. पुढचा सगळा शोध या एका उत्तरावर ठरतो. मेल कंपनीला तुमचं नव्याने लावलेलं मशीन अनोळखी वाटतं, त्यामुळे मोबाइलवर "तुम्हीच का?" असं विचारणारी सूचना येऊ शकते. तिला हो म्हणा. त्यासाठीच मोबाइलवरचं खातं चालू राहायला हवं.

बोटं वेगळं टाइप करतात हे मला स्वतःला कळायला अख्खी दुपार लागली होती. माझ्या पासवर्डमध्ये ॲटचं चिन्ह होतं. विंडोज टाकताना मी कीबोर्ड ब्रिटिश निवडला होता, आणि ब्रिटिश मांडणीत शिफ्ट आणि २ दाबलं की दुहेरी अवतरणचिन्ह उमटतं. ॲट दुसऱ्याच कळीवर असतं. पडद्यावर दिसतात फक्त काळे ठिपके, त्यामुळे डोळ्यांना काही कळत नाही. तेव्हापासून माझा नियम असा की पासवर्ड आधी नोटपॅडमध्ये टाइप करून डोळ्यांनी वाचायचा आणि सेव्ह न करता पुसून टाकायचा. कीबोर्ड मराठीवर राहिलाय का, कॅप्स लॉक लागलाय का, नम लॉक बंद असल्यामुळे उजवीकडचे आकडे उमटत नाहीत का, हे सगळं त्या एका ओळीत दिसतं. पासवर्डच्या रकान्यात डोळ्याचं चिन्ह असेल तर ते दाबूनही हेच काम होतं.

नव्या विंडोजचा चार आकडी पिन हा मेलचा पासवर्ड नसतो, हेही इथेच सांगते. तो पिन फक्त त्या एका मशीनपुरता असतो. बरेच जण तोच मेलमध्ये घालून बघतात.

घड्याळही बघून घ्या. माझ्या भावाच्या जुन्या मशीनमधला नाण्यासारखा सेल संपला होता आणि तारीख दर वेळी कित्येक वर्षं मागे जायची. तारीख चुकली की सर्व्हरचं सुरक्षा प्रमाणपत्र कॉम्प्युटरला खोटं किंवा अजून लागू न झालेलं वाटतं आणि जोडणीच होत नाही. काही प्रोग्राम हे स्पष्ट सांगतात, काही नुसतेच पासवर्ड मागत बसतात. तारीख, वेळ आणि टाइम झोन तिन्ही जुळवा.

आता मामांची गोष्ट. ब्राउझरमध्ये त्यांचा पासवर्ड पहिल्या फटक्यात चालला आणि थंडरबर्डमध्ये मात्र नाहीच. मामेभावाला विचारल्यावर उलगडा झाला. दोन वर्षांपूर्वी त्यानेच मामांच्या जीमेलला दुहेरी पडताळणी (पासवर्डशिवाय मोबाइलवरूनही खात्री करणं) लावली होती आणि थंडरबर्डसाठी वेगळा ॲप पासवर्ड, म्हणजे फक्त एका प्रोग्रामसाठी कंपनीने बनवून दिलेला पासवर्ड, काढून घातला होता. थंडरबर्डने तो जपून ठेवला आणि रोज गुपचूप वापरला. मामांना आठवत होता तो खात्याचा मूळ पासवर्ड. प्रोग्रामच्या पोटात वेगळाच होता, आणि फॉरमॅटमध्ये तो पुसला गेला. तुम्हाला आठवतो तोच पासवर्ड जुन्या प्रोग्राममध्ये होता, असं धरून चालू नका. या एका चुकीच्या समजुतीपायी मी सगळ्यात जास्त लोकांना खचताना पाहिलंय.

मागची हकीकत अशी. पूर्वी कुठलाही मेल प्रोग्राम तुमचा साधा पासवर्ड सर्व्हरला देऊन आत जायचा. तो चोरीला गेला की सगळं खातं गेलं, म्हणून मोठ्या कंपन्यांनी ही वाट बंद केली. गुगलने व्यक्तिगत खात्यांसाठी ती ३० मे २०२२ पासून बंद करायला घेतली. मायक्रोसॉफ्टने आउटलुक आणि हॉटमेलच्या व्यक्तिगत खात्यांसाठी १६ सप्टेंबर २०२४ पासून ती बंद केली. आता आत जायचे दोन रस्ते उरले आहेत.

पहिला ओऑथ. यात मेल प्रोग्राम कंपनीचं लॉगिनचं वेबपान उघडतो, तिथे तुम्ही तुमचा नेहमीचा पासवर्ड आणि मोबाइलवर आलेला कोड देता आणि कंपनी प्रोग्रामला एक वेगळी किल्ली देते. थंडरबर्डमध्ये खात्याच्या सर्व्हर सेटिंगमध्ये ऑथेंटिकेशन मेथड म्हणून "ओऑथ२" निवडा. वेबपान उघडतं पण लॉगिन पुढे सरकत नाही, असं झालं तर प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमध्ये कुकीज (वेबपानं कॉम्प्युटरवर ठेवतात त्या छोट्या नोंदी) बंद आहेत का ते पाहा. कुकीजशिवाय हा रस्ता थंडरबर्डमध्ये चालत नाही. सुरक्षेच्या नावाखाली नव्या मशीनवर सगळ्या कुकीज बंद करणाऱ्यांची गाडी हमखास इथे अडते.

दुसरा ॲप पासवर्ड. जीमेलमध्ये तो मिळायला दुहेरी पडताळणी आधी चालू असावी लागते. गुगल खात्याच्या पानावर "ॲप पासवर्ड्‌स" शोधा, नाव द्या, आणि १६ अक्षरांचा पासवर्ड समोर येतो. तो एकदाच दिसतो. चार-चार अक्षरांचे गट दिसतात, मधल्या मोकळ्या जागा सोडून सलग टाइप करा. इथे ऑथेंटिकेशन मेथड "नॉर्मल पासवर्ड" हवी. जुना ॲप पासवर्ड हरवला म्हणून हळहळू नका. तो परत वाचता येत नाही, त्याला यादीतून काढून टाका आणि नवा करा. याहू मेललाही ओऑथ न वापरल्यास ॲप पासवर्ड लागतो. मायक्रोसॉफ्टच्या व्यक्तिगत खात्यांना मात्र मेल प्रोग्रामसाठी आता तोही चालत नाही, तिथे ओऑथच हवं. म्हणून कपाटातल्या सीडीवरून आउटलुक २०१० पुन्हा टाकून त्यात हॉटमेल जोडायचा प्रयत्न केलात, तर पासवर्ड कितीही बरोबर असला तरी जमणार नाही. त्या प्रोग्रामला ही नवी पद्धत येतच नाही.

या दोन रस्त्यांची सरमिसळ फार होते. ब्राउझरसारख्या दिसणाऱ्या पानावर नेहमीचा पासवर्ड. प्रोग्रामच्या छोट्या करड्या चौकटीत ॲप पासवर्ड. उलट केलं की दोन्हीकडे नकार. मामांच्या बाबतीत मी ओऑथ लावलं, कारण त्यात लक्षात ठेवायचं काही वेगळं उरत नाही.

मेल येतंय पण जात नाही, अशी तक्रार असेल तर पाठवण्याच्या सर्व्हरकडे वळा. येणारं आणि जाणारं मेल या दोन वेगळ्या खिडक्या आहेत आणि दोन्हीकडे स्वतंत्र ओळख द्यावी लागते. ५३५ असा आकडा दिसला तर पाठवणाऱ्या सर्व्हरने नाव किंवा पासवर्ड नाकारलाय. तिथेही तीच ऑथेंटिकेशन मेथड लावा, आणि युजरनेममध्ये पूर्ण मेलपत्ता आहे ना ते पाहा. पोर्ट, म्हणजे सर्व्हरच्या दारांचे आकडे, सहसा असे असतात: मेल आणायच्या दोन पद्धतींपैकी आयमॅपला ९९३, पॉपला ९९५, आणि पाठवायला ४६५ किंवा ५८७. जोडणीच्या सुरक्षेच्या रकान्यात ४६५ ला एसएसएल/टीएलएस आणि ५८७ ला स्टार्टटीएलएस निवडा. ही जोडी उलटी लागली तर जोडणी नुसती लटकत राहते.

ब्राउझरमध्येही पासवर्ड चालला नाही आणि खरंच आठवत नाही, तेव्हा "फरगॉट"कडे जाण्याआधी जुन्या जागा धुंडाळा. मला या कामात सगळ्यात जास्त आनंद इथे मिळतो, कारण पुसलं गेलं असं वाटलेलं बरेचदा शाबूत असतं.

विंडोज टाकताना डिस्क पुसली नसेल, तर सी ड्राइव्हवर "विंडोज.ओल्ड" नावाचा फोल्डर असतो. त्यात तुमचं जुनं घर जसंच्या तसं असतं, पण दहा दिवसांनी विंडोज तो आपोआप काढून टाकतं, म्हणून आजच त्याची प्रत बाहेर काढा. आत यूजर्स, तुमचं नाव, ॲपडेटा, रोमिंग, थंडरबर्ड, प्रोफाइल्स असं खाली उतरत जा. ॲपडेटा लपवलेला असतो. आधी लपवलेल्या गोष्टी दाखवायचा पर्याय चालू करा. प्रोफाइलमध्ये, म्हणजे थंडरबर्ड तुमची माहिती ठेवतं त्या फोल्डरमध्ये, लॉगिन्स.जेसॉन (logins.json) आणि की४.डीबी (key4.db) या दोन फाइली दिसतील. पहिलीत कुलूपबंद पासवर्ड असतात, दुसरीत त्या कुलपाची किल्ली. एकटी फाइल कामाची नाही. थंडरबर्ड बंद करून दोन्ही नव्या प्रोफाइलमध्ये टाका, उघडा आणि सेव्ह्ड पासवर्ड्‌समध्ये पाहा. या साठ्यालाच वेगळा प्रायमरी पासवर्ड लावलेला असेल तर तो मात्र आठवावा लागेल. ॲप पासवर्ड आणि ओऑथची किल्लीही तिथेच साठवलेली असते, त्यामुळे मेल बरेचदा काही न विचारता सुरू होतं. फायरफॉक्स ब्राउझरमध्ये ठेवलेले पासवर्डही त्याच्या स्वतःच्या प्रोफाइलमध्ये याच नावांच्या दोन फाइलींत असतात.

क्रोमच्या बाबतीत ही युक्ती लावू नका. एका मैत्रिणीने जुना क्रोम फोल्डर सगळाच्या सगळा नव्या मशीनवर आणला. बुकमार्क आले, पासवर्ड आले नाहीत. विंडोजवर क्रोम पासवर्डांचं कुलूप जुन्या विंडोजमधल्या तुमच्या खात्याशी बांधतं, आणि नव्या विंडोजमध्ये तेच नाव, तोच पासवर्ड ठेवला तरी ते खातं वेगळंच असतं. आउटलुक प्रोग्रामचे पासवर्ड क्रेडेन्शियल मॅनेजर या विंडोजच्या स्वतःच्या पासवर्डसाठ्यात असतात, त्यांचंही असंच. पण क्रोममध्ये सिंक (गुगल खात्यातून सगळ्या उपकरणांवर तीच माहिती ठेवणं) चालू असेल तर मोबाइलवरच्या क्रोमच्या पासवर्ड मॅनेजरमध्ये सगळं सापडतं. मैत्रिणीचा मेलचा पासवर्ड तिला तिथेच मिळाला.

जुनी डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडताना बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्या डिस्क कुलूपबंद करणाऱ्या सोयीने, ४८ आकडी किल्ली मागितली तर ती बहुतेकदा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. मोबाइलच्या ब्राउझरमधून वाचता येते. लिनक्सवाल्यांनी होम फोल्डर वेगळ्या पार्टिशनवर ठेवला असेल तर बहुतेक काही बिघडत नाही. फक्त नव्या इन्स्टॉलमध्ये लॉगिनचा पासवर्ड बदलला असेल तर कीरिंग (लिनक्सचा पासवर्डसाठा) जुना पासवर्ड मागतं, तो द्यायचा.

काहीच सापडलं नाही, तरच रिकव्हरी, म्हणजे "फरगॉट पासवर्ड"चा रस्ता. ती जुन्या मोबाइलवरून किंवा आधी नेहमी वापरलेल्या उपकरणावरून, नेहमीच्या जागी बसून करा. ओळखीच्या ठिकाणाहून आलेल्या विनंतीवर कंपनी लवकर विश्वास ठेवते. गुगलने दिलेले आठ आकडी दहा बॅकअप कोड कधी कागदावर उतरवले होते का, ते आठवा. मायक्रोसॉफ्टमध्ये सुरक्षेची सगळी जुनी माहिती एकदम बदललीत तर ३० दिवस थांबावं लागतं, म्हणून जुना फोन नंबर किंवा पर्यायी मेल अजून हाताशी असेल तर त्यांना हात लावू नका.

आणि शेवटी पासवर्ड बदलावाच लागला, तर बदलण्याआधी मोबाइल, टॅबलेट, ऑफिसचं मशीन अशा सगळ्या ठिकाणचं मेल सिंक थांबवा. नाहीतर ती सगळी जुन्याच पासवर्डने दर काही मिनिटांनी दार ठोठावत राहतात आणि खातं पुन्हा बंद पडतं. गुगलमध्ये मूळ पासवर्ड बदलला की आधीचे सगळे ॲप पासवर्ड रद्द होतात, हेही लक्षात असू द्या. स्कॅन केलेला कागद मेलने पाठवणाऱ्या प्रिंटरमध्ये तसा एखादा घातलेला असेल, तर तिथेही नवा भरावा लागेल.