स्टार्टरही, क्लोजरही: जॉन स्मोल्ट्झची आकडेवारी कशी वाचावी

बेसबॉलमध्ये स्टार्टर म्हणजे सामन्याची सुरुवात करणारा पिचर (चेंडू टाकणारा), तर क्लोजर म्हणजे शेवटी येऊन आघाडी राखणारा. दोन्ही कामं केलेल्या पिचरच्या कारकिर्दीची सरसकट बेरीज आधी वाचू नका. आधी हंगामवार तक्त्यातला जीएस, म्हणजे सुरुवात केलेल्या सामन्यांचा रकाना पाहा आणि भूमिका बदलली तिथे रेघ मारा. अटलांटा ब्रेव्ह्जच्या स्मोल्ट्झचे तीन तुकडे पडतात: 1999 पर्यंत स्टार्टर, 2002 ते 2004 क्लोजर, 2005 पासून पुन्हा स्टार्टर. कोपराच्या शस्त्रक्रियेमुळे 2000 चा हंगाम कोराच आहे. 2001 मध्ये दोन्ही कामं केली, म्हणून ते वेगळं ठेवा.

स्टार्टरच्या तुकड्यात डाव मोजा: 1996 मध्ये 253.2 डाव, 24 विजय, साय यंग पुरस्कार (लीगमधल्या सर्वोत्तम पिचरचा). क्लोजरच्या तुकड्यात विजय जवळजवळ निरर्थक; तिथे सेव्ह, म्हणजे आघाडी राखून संपवलेले सामने, पाहा, 2002 मध्ये 55. पण सेव्हही तपासून घ्यावा. तीन धावांची आघाडी असताना शेवटचा पूर्ण डाव टाकून सामना राखला तरी तो मिळतो, आणि ते फार अवघड काम नव्हे.

ईआरए, म्हणजे नऊ डावांमागे पिचरने दिलेल्या अर्न्ड रनची (क्षेत्ररक्षणाच्या चुकांविना झालेल्या धावांची) सरासरी, काढताना हमखास चूक होते. डावांतला .1 म्हणजे एक तृतीयांश, दशांश नव्हे. 2002 चे 80.1 डाव म्हणजे 80.333, 29 अर्न्ड रन गुणिले 9, भागिले 80.333, उत्तर 3.25. त्यातही एप्रिलमध्ये मेट्सविरुद्ध दोन बादांत 8 धावा गेल्या होत्या. क्लोजरचे डावच थोडे, त्यामुळे एक वाईट दिवस हंगामभर आकडा फुगवतो. स्टार्टरच्या ईआरएशी तो थेट ताडू नका.

शेवटी बेरीज: 213 विजय, 154 सेव्ह.