आल्प्सचा नकाशा बघताना या चुका टाळा

मे महिन्याची सुट्टी जवळ आली की ओळखीतले लोक मला आपापले आल्प्सचे बेत पाठवतात. हॉटेलं ठरलेली, पैसे भरलेले, आणि मग विचारणार, "एकदा नजर टाक ना, जमतंय का?" पैसे भरायच्या आधी विचारलं असतं तर नक्की जमवलं असतं. चुका दरवर्षी त्याच असतात, कारण मंडळी शिखरांची नावं पाठ करून येतात आणि खोरी बघतच नाहीत. आल्प्समध्ये गावं खोऱ्यांत आहेत, रस्ते आणि रेल्वे खोऱ्यांतून जातात, हवासुद्धा एक खोरं ओलांडलं की बदलते.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे नकाशावर बोटाने अंतर मोजणं. स्वित्झर्लंडमधली ही दोन गावं घ्या: ग्रिंडेलवाल्ड ते झेरमाट सरळ रेषेत साधारण ७० किलोमीटर. रेल्वेने जायला तीन तासांच्या आसपास लागतात, आणि तेही २००७ मध्ये डोंगराच्या पायथ्यातून जाणारा ३४.६ किलोमीटरचा लोएचबर्ग रेल्वे-बोगदा सुरू झाला म्हणून.

पुण्याचं एक कुटुंब मेच्या मध्यावर भाड्याच्या गाडीने अँडरमाटहून झेरमाटला निघालं होतं. मध्ये फुर्का खिंड. रस्ता त्यांनी आदल्या वर्षी गणपतीच्या सुमाराला बघून ठेवला होता, तेव्हा तो अर्थातच उघडा होता. रेआल्प गावाच्या पुढे फाटक बंद, वर बर्फ. मला फोन. "अरे, खिंड फक्त २,४२९ मीटर आहे, आपलं हिमाचलातलं नारकंडा याहून उंच आहे, तिथे मेमध्ये लोक थंड हवा खायला जातात!" मी पुढे काही सांगेपर्यंत यांनी गाडी वळवलीसुद्धा. लुत्सर्न, बर्न, मग पार मार्टिनीला वळसा घालून ऱ्होनच्या खोऱ्यात, असा चारेकशे किलोमीटरचा फेरा. आणि रेआल्पलाच, त्यांच्या डोळ्यांसमोर, गाड्यांची एक रांग उभी होती. ती यांना पार्किंग वाटली. ती गाड्या वाहून नेणाऱ्या रेल्वेची रांग होती. ती खिंडीखालच्या बोगद्यातून जाते, १९८२ पासून हा बोगदा चालू आहे. गाडीसकट डब्यावर चढायचं, पंधरावीस मिनिटांत पलीकडे ओबरवाल्डला उतरायचं. रात्री उशिरा झेरमाटच्या अलीकडच्या टेश गावात पोचल्यावर कळलं की झेरमाटमध्ये गाडी नेताच येत नाही. तो फोन मी उचलला नाही.

माझी सवय सांगतो. स्वित्झर्लंडच्या सरकारी भूमापन खात्याचे नकाशे अप्रतिम आहेत. त्यातला एक टेबलावर पसरतो आणि निळ्या पेन्सिलीने नद्या गिरवतो. गोटहार्डच्या डोंगराळ भागात तर हा खेळ फार रंगतो: ऱ्हाईन निघते ती उत्तर समुद्राकडे, ऱ्होन भूमध्य समुद्राकडे, टिचिनो पो नदीला मिळून एड्रियाटिककडे, आणि रॉइस उत्तरेला जाऊन आरेमार्गे पुन्हा ऱ्हाईनला मिळते. आजचा मुक्काम एका नदीवर आणि उद्याचा दुसरीवर असेल, तर मध्ये खिंड किंवा बोगदा येणार हे धरून चालायचं. खिंड २,००० मीटरच्या वर असेल (ग्रिमसेल २,१६४, श्टेल्व्हियो २,७५७) तर जूनच्या मध्याआधी मी ती बेतात धरतच नाही. उघडी मिळाली तर आनंद. मोबाइलवरचा रस्ता बघून बेत आखणाऱ्यांना हे वेळखाऊ वाटतं. वाटू दे.

नारकंडाचा हिशोब करणारे बरेच भेटतात, म्हणून उंचीबद्दल थोडं. नारकंडा साधारण ३१ अंश अक्षांशावर, आल्प्सचा हा भाग ४६ अंशांवर. मीटर तेच असले तरी हवा ती नसते. हिमाचलात २,३०० मीटरवर देवदाराची जंगलं आहेत. आल्प्समध्ये त्याच्या वर झाड सहसा दिसत नाही. पण म्हणून उलट दिशेलाही गाफील राहू नका. विरळ हवेला अक्षांशाने सूट मिळत नाही. युंगफ्राउयोख स्टेशन ३,४५४ मीटरवर, म्हणजे जवळपास लेहइतकं उंच. लेहला उतरल्यावर पहिला दिवस पडून राहणारी हीच माणसं सकाळी इंटरलाकेनला ५७० मीटरवर नाश्ता करतात, दुपारच्या आत वर पोचतात आणि फोटोसाठी जिन्यावरून धावतात. मग डोकं धरून बाकावर बसतात आणि पराठ्याला दोष देतात. वर हळू चाला, पाणी प्या, लहान मुलं किंवा हृदयाचा त्रास असलेलं कुणी बरोबर असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.

आणखी एक: "स्वित्झर्लंडला पाऊस आहे" असं म्हणू नका, कुठल्या खोऱ्यात ते विचारा. महाबळेश्वर आणि वाई यांच्यात जे होतं तेच इथे होतं. बाहेरच्या रांगा पाऊस अडवतात आणि आतली खोरी कोरडी राहतात. ऱ्होनच्या खोऱ्यातल्या सिऑनला वर्षाला सुमारे ६०० मिलिमीटर पाऊस; ईशान्येच्या सेंटिस शिखरावर त्याच्या चौपटीहून जास्त. म्हणूनच ऱ्होनच्या खोऱ्यात शेतकऱ्यांनी मध्ययुगापासून डोंगरकड्यांना पाट लटकवून कुरणांना आणि द्राक्षमळ्यांना पाणी आणलं. ग्रिंडेलवाल्डला धुकं दाटलं की मी वरच्या कॅमेऱ्यांची चित्रं बघतो आणि बोगद्यापलीकडचं तिकीट काढतो. तिकीट आधी काढून मग ढगांवर चिडणाऱ्यांना काय सांगणार? उलट फॉन, म्हणजे दक्षिणेकडून डोंगर ओलांडून उतरणारा गरम, कोरडा वारा सुटला की उत्तरेकडच्या खोऱ्यांत आभाळ निळंशार आणि हवा ऊबदार होते, लोक खूश होतात, आणि वाऱ्यामुळे रोपवे बंद असतात.

बाकीच्या चुका भराभर. आल्प्स म्हणजे स्वित्झर्लंड नव्हे. आठ देश आहेत आणि ऑस्ट्रिया, इटली यांचा वाटा प्रत्येकी स्विस वाट्याच्या दुपटीहून जास्त आहे. सगळ्यात उंच मॅटरहॉर्न नाही (४,४७८), माँ ब्लाँ आहे, साधारण ४,८०६. माथ्यावर बर्फाची टोपी असल्यामुळे आकडा थोडा हलतो. युंगफ्राउयोख हे शिखर नाही, दोन शिखरांमधली खिंड आहे. हिवाळ्यात जात असाल तर गाव डोंगराच्या कुठल्या बाजूला आहे ते बघा: इटलीतल्या व्हिगानेला गावाला जवळपास तीन महिने ऊन मिळत नसे, म्हणून २००६ मध्ये समोरच्या डोंगरावर आरसा बसवून चौकात ऊन पाडलं. आणि स्विस पायवाटांवरच्या पिवळ्या पाट्यांवर किलोमीटर शोधू नका. तिथे वेळ लिहिलेली असते, न थांबता चालण्याची. मी त्यात दीडपट धरतो. सोबत फोटोवाले असतील तर दुप्पट.