लढाऊ विमानांची तुलना करताय? या चुका टाळा

कागदावर पाहिलं तर मिग-२१ चा कमाल वेग राफेलपेक्षा जास्त भरतो. मिग-२१ ध्वनीच्या दुप्पट वेगाने जायचं, राफेल १.८ पट. म्हणून १९६३ मध्ये दाखल झालेलं आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला निरोप घेतलेलं मिग राफेलपेक्षा सरस, असं कुणी म्हणेल का? तरीही तुलनेच्या तक्त्यात पहिली ओळ वेगाचीच असते. हा कमाल वेग बराच उंचावर, पंखांखाली फारसं काही न लावता आणि थोडाच वेळ मिळतो. बॉम्ब, क्षेपणास्त्रं, इंधनाच्या जादा टाक्या लावल्या की हवेचा विरोध वाढतो, आणि आफ्टरबर्नर (जादा इंधन जाळून इंजिनाचा जोर वाढवणारी सोय) चालू केला की इंधन झपाट्याने संपतं. एफ-३५ सारखं आधुनिक विमानसुद्धा १.६ पटीच्या पुढे जात नाही. तक्ता करायचाच असेल तर रडार किती लांबचं पाहतं, क्षेपणास्त्र कोणतं आहे आणि भरलेलं विमान किती लांब जाऊन परत येतं, हे आधी लिहा.

नुसतं ‘सुखोई’ म्हणून थांबू नका

सर्वात जास्त घोळ इथे होतो. १९९७ मध्ये पुण्याच्या लोहगाव तळावर आलेली पहिली सुखोई-३० ‘के’ प्रकारची होती. त्यांना कॉकपिटमागचे छोटे पंख, म्हणजे कॅनार्ड, नव्हते आणि इंजिनाचं नोझल, म्हणजे मागचं तोंड, वळत नव्हतं. २००२ मध्ये लोहगावलाच दाखल झालेल्या ‘एमकेआय’ या भारतासाठीच्या प्रकारात या दोन्ही गोष्टी आल्या. सोबत नवं बार्स रडार आलं आणि रशियन सांगाड्यात फ्रेंच, इस्रायली आणि भारतीय उपकरणं बसली. ‘के’ विमानं पुढे रशियाला परत दिली गेली. त्यामुळे नव्वदच्या दशकातला एखादा जुना लेख वाचून आजच्या सुखोईबद्दल लिहिलं, तर आपण वेगळ्याच विमानाबद्दल लिहीत असतो.

एमकेआयसुद्धा सगळी एकसारखी नाहीत. ‘आपल्या प्रत्येक सुखोईवर ब्रह्मोस आहे’ हे वाक्य हमखास दिसतं आणि ते चूक आहे. हवेतून डागायच्या ब्रह्मोसचं वजन सुमारे अडीच टन. एवढं धूड विमानाच्या पोटाखाली धरायचं तर सांगाडा तिथे मजबूत करावा लागतो आणि क्षेपणास्त्राशी बोलणारी यंत्रणा बसवावी लागते. हे काम नाशिकजवळच्या ओझरला झालं. २५ जून २०१६ रोजी ब्रह्मोस लावलेलं सुखोई ओझरहून पहिल्यांदा उडालं, २२ नोव्हेंबर २०१७ रोजी बंगालच्या उपसागरावर पहिला मारा झाला आणि जानेवारी २०२० मध्ये तंजावरला २२२ क्रमांकाची स्क्वॉड्रन, म्हणजे विमानांची तुकडी, त्यासाठी उभी राहिली. असा बदल ठरावीक विमानांतच केलेला आहे, आणि अशा विमानावरही ब्रह्मोस एकच लागतं. आपल्या नाशिककडच्या कामगार-अभियंत्यांचं हे काम खरोखर मोठं आहे. त्याचं कौतुक नेमक्या शब्दांत व्हायला हवं.

दाखल झाल्याचं साल म्हणजे विमानाचं वय नव्हे

मिराज-२००० हवाई दलात आलं १९८५ मध्ये. १९९९ च्या कारगिल युद्धात त्याने टायगर हिलवर लेझरच्या मार्गदर्शनाने जाणारे बॉम्ब टाकले, आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये बालाकोटवर गेलं तेही मिराजच. मधल्या काळात, २०११ मध्ये, त्याचं रडार आणि कॉकपिट बदलण्याचा करार झाला. सांगाडा जुना, पण पायलटसमोरचं जवळपास सगळं नवं. ‘चाळीस वर्षांचं विमान’ असं लिहिण्याआधी आत काय बदललं ते शोधा.

ऑर्डर, उड्डाण आणि ताबा

या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. तेजस एमके-१ए ची ८३ विमानांची ऑर्डर फेब्रुवारी २०२१ मध्ये दिली गेली. ओझरच्या कारखान्यात तयार झालेलं पहिलं विमान १७ ऑक्टोबर २०२५ रोजी उडालं, आणि समाजमाध्यमांवर लगेच ‘हवाई दलाला तेजस मिळालं’ सुरू झालं. कारखान्याच्या धावपट्टीवरून उडालेलं विमान चाचण्या पूर्ण झाल्यावरच स्क्वॉड्रनकडे जातं. त्यात तेजसचं इंजिन अमेरिकेहून येतं आणि त्या पुरवठ्याला मोठा उशीर झाला. बातमीत ‘सुपूर्द’ हा शब्द आहे का, ते बघा.

स्क्वॉड्रनच्या हिशेबातही असंच होतं. मंजूर संख्या ४२, मिग-२१ गेल्यावर उरल्या २९. पण २९ ला एका स्क्वॉड्रनच्या १६-१८ विमानांनी गुणून आलेला आकडा म्हणजे उद्या सकाळी उडू शकणारी विमानं, असं धरू नका. कायम काही विमानं ओझरच्या ११ बेस रिपेअर डेपोसारख्या ठिकाणी दुरुस्तीसाठी उघडून ठेवलेली असतात.

स्टेल्थ, म्हणजे रडारला चुकवण्यासाठी बनवलेल्या विमानाबद्दल एवढंच: ते अदृश्य नसतं, रडारला उशिरा दिसतं. मार्च १९९९ मध्ये युगोस्लाव्हियाच्या सैन्याने सर्बियात जुन्या सोव्हिएत क्षेपणास्त्राने अमेरिकेचं एफ-११७ हे स्टेल्थ विमान पाडलं होतं.

फोटोवरून विमान ओळखता येत नसेल तर

तेजस आणि मिराज दोन्हींना शेपटाचे आडवे पंख नाहीत, त्यामुळे गल्लत होते. पंखाची पुढची कड बघा. मिराजची सरळ तिरकी जाते, तेजसची मध्येच कोन बदलते. मिराजच्या हवा घेणाऱ्या तोंडात अर्धा शंकू दिसतो, तेजसमध्ये तो नाही. राफेलला कॅनार्ड आहेत, आणि नाकाच्या उजव्या बाजूला इंधन घ्यायची नळी कायम बाहेर असते. सुखोई आणि मिग-२९ दोन्ही दोन इंजिनांची, दोन उभ्या शेपट्यांची; पण एमकेआयला कॅनार्ड असतात, आणि दोन इंजिनांच्या मधून मागे एक जाड दांडा आलेला असतो. मिग-२९ मध्ये या दोन्ही गोष्टी नसतात. क्लिपमध्ये यातलं काहीच दिसत नसेल, फक्त आकाशातला ठिपका आणि स्फोट असेल, तर तिला विमानाचं नाव देऊन पुढे पाठवू नका.