अंगणात लवकर सावली हवी? आधी जागा शोधा, मग झाड

अंगणात सावलीसाठी झाड लावायचं ठरलं की पहिला प्रश्न वेगाचा येतो. भराभर वाढणारं झाड कोणतं? ते साहजिकच आहे. पश्चिमेची भिंत दुपारभर तापते आणि रात्री उशिरापर्यंत खोलीत ऊब सोडत राहते, तेव्हा पंधरा वर्षं वाट पाहायची कुणाची तयारी नसते. पण सावली किती लवकर मिळेल हे झाडाच्या जातीपेक्षा ते कुठे लावलंय आणि पहिली तीन वर्षं त्याची निगा कशी राखली यावर जास्त अवलंबून असतं, असं माझं ठाम मत झालं आहे. म्हणून या लेखात झाडांची नावं तिसऱ्या पायरीला येतात.

पायरी १: सावली कुठे आणि किती वाजता हवी ते ठरवा

"अंगणात सावली हवी" एवढं पुरत नाही. दुपारी चार वाजता बैठकीच्या खिडकीवर, किंवा संध्याकाळी पाच वाजता ओट्यावर, इतकं नेमकं ठरवा.

मग एक लांब बांबू घ्या. उन्हाळ्यातल्या एखाद्या दिवशी, नेमक्या त्या वेळी, मनातल्या जागी तो उभा धरा आणि सावलीचं टोक कुठे पडतंय तिथे खडा ठेवा. अर्ध्या तासाने पुन्हा पाहा, पुन्हा खडा ठेवा. बांबू दोन-तीन ठिकाणी धरून पाहिला की सावली नेमकी खिडकीवर येईल अशी जागा सापडते. तासाभराचं काम आहे, पण पुढची कितीतरी वर्षं यावर ठरणार आहेत.

यात एक साधं गणित आहे. सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांवर असताना सावली वस्तूच्या उंचीइतकी पडते. तो ३० अंशांपर्यंत उतरला की सावली उंचीच्या जवळजवळ पावणेदोन पट होते. म्हणजे १० फुटांचं कोवळं झाडही उतरत्या उन्हात १७ फुटांपर्यंत सावली टाकतं. ओट्यापासून योग्य अंतरावर, योग्य दिशेला असेल, तर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच ते ओट्यावर सावली धरू लागतं. चुकीच्या बाजूला लावलेलं ३० फुटी झाड मात्र शेजारच्या भिंतीला गारवा देत राहतं.

दिशेबद्दल एक गैरसमज नेहमी दिसतो. दक्षिणेकडून ऊन येतं म्हणून झाड दक्षिणेला लावतात. उत्तर गोलार्धात हिवाळ्यापुरतं ते खरं आहे. उन्हाळ्यात भर दुपारी सूर्य बराच वर चढलेला असतो, उष्ण कटिबंधात तर जवळजवळ डोक्यावरच, त्यामुळे तेव्हा झाडाची सावली बहुतांशी त्याच्याच पायाशी पडते. घर तापवतं ते तिसऱ्या प्रहरानंतरचं तिरपं ऊन, आणि उन्हाळ्यात सूर्य मावळतो पश्चिमेच्या थोडा उत्तरेला. म्हणून एकच झाड लावता येणार असेल तर पश्चिम किंवा वायव्य बाजूचा विचार आधी करा.

पायरी २: वर पाहा, खाली खणून पाहा

वर विजेच्या तारा असतील तर त्याखाली मोठं झाड नको. दरवर्षी शेंडा छाटला जातो आणि झाड कायमचं बेढब होतं.

खाली काय आहे हे जास्त महत्त्वाचं. बहुतेक झाडांची पाणी-अन्न शोषणारी मुळं वरच्या दीड-दोन फूट मातीतच असतात आणि फांद्यांच्या पसाऱ्याच्याही पुढे जातात. धडधाकट पाइप ती सहसा फोडत नाहीत. जिथे सांधा गळतो तिथे ओल शोधत आत शिरतात. तरी जमिनीखालची टाकी, मलनिःसारणाची वाहिनी आणि घराचा पाया यांपासून मध्यम झाड निदान १२ ते १५ फूट आणि मोठं झाड २० ते २५ फूट दूर ठेवा. वड, पिंपळ, उंबर ही झाडं मला फार प्रिय आहेत, पण घराच्या अंगणात त्यांना जागा पुरत नाही. त्यांची मुळं भिंतीच्या फटीत शिरली की निघत नाहीत.

आता मातीचा निचरा तपासा. फूटभर खोल खड्डा घ्या, पाण्याने भरा, जिरू द्या आणि पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी तासाला इंचभर किंवा जास्त उतरत असेल तर चिंता नाही. दुसऱ्या दिवशीही खड्ड्यात पाणी साचलेलं असेल तर तिथे कडुनिंब लावू नका. दलदल त्याला अजिबात सोसत नाही.

पायरी ३: झाड निवडा

वेगाने वाढणाऱ्या झाडाचं लाकूड बहुधा हलकं आणि ठिसूळ असतं. शेवगा एका वर्षात माणसाच्या वर जातो, पण सावली विरळ आणि फांदी जरा ताणली की कडकन मोडते. गुलमोहराचा पसारा देखणा, पण मुळं उथळ आणि फांद्या कच्च्या. वादळात घराशेजारी तो नकोच. निलगिरीची पानं खाली लोंबतात, ऊन त्यांच्यामधून सरळ जमिनीवर येतं. सुबाभळीचं बी इतकं पसरतं की चार वर्षांनी ती उपटत बसण्याखेरीज दुसरं काम उरत नाही. रेन ट्रीची सावली अप्रतिम, पण ती मैदानाची, अंगणाची नव्हे.

दुसरी गोष्ट फार कमी जण विचारतात: झाड पानं कधी गाळतं? बहावा ऐन उन्हाळ्यात फुलांनी लगडतो तेव्हा त्याच्यावर पानं जवळजवळ नसतात. फुलांसाठी जरूर लावा, पण सावली हवी असते त्याच दिवसांत तो उघडा असतो.

मला विचाराल तर मध्यम अंगणासाठी पहिली पसंती करंजाला. वाढ चांगली, सावली दाट, पानगळ थोड्या दिवसांची, आणि लगेच पोपटी पालवी. पानांवर फोडांसारख्या गाठी दिसल्या तर घाबरू नका, झाडाचं त्याने फारसं बिघडत नाही. जागा मोठी, कोरडी असेल तर कडुनिंब. त्याचीही नवी पालवी कडक ऊन सुरू व्हायच्या सुमारास येते. भरपूर पाणी आणि मोठी जागा असेल तर कदंब, तो पहिल्या काही वर्षांत झपाट्याने उंच होतो. देशी बदामाच्या फांद्या मजल्यावर मजले चढवल्यासारख्या आडव्या पसरतात, त्यामुळे सावली लवकर मिळते. मात्र मोठाली पानं झाडायची तयारी हवी. सप्तपर्णी सदाहरित आणि दाट, पण फुलांचा उग्र वास रात्री सर्वांना सोसत नाही, तेव्हा झोपायच्या खोलीजवळ नको.

पायरी ४: रोप नीट पारखून घ्या

सर्वांत उंच रोप उचलायचा मोह टाळा. लहान पिशवीत फार दिवस राहिलेल्या उंच रोपाची मुळं आत गोल गोल फिरलेली असतात. अशी मुळं जमिनीत गेल्यावरही गुंडाळलेलीच राहतात आणि काही वर्षांनी झाड वाऱ्यात मुळासकट डोलू लागतं. पिशवीच्या तळातून जाड मूळ बाहेर आलेलं दिसलं तर ते रोप सोडून द्या. तीन-चार फुटांचं, एकच सरळ शेंडा असलेलं, बुंध्याशी जाडसर रोप घ्या. ते पहिल्या वर्षी मागे वाटेल, पण बहुधा लवकरच उंच रोपाला गाठतं.

पायरी ५: लावणी

पावसाळ्याचे पहिले चांगले पाऊस पडून जमीन वाफशावर आली, म्हणजे ओलसर पण चिखल नसलेली झाली, की लावा. खड्डा हुंडीच्या, म्हणजे पिशवीतल्या मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्याच्या, दुप्पट-तिप्पट रुंद घ्या. खोली मात्र हुंडीइतकीच. फार खोल खड्ड्यात माती नंतर बसते, रोप खाली जातं आणि बुंध्याशी पाणी साचून साल कुजते. पिशवी पूर्ण काढा. निघालेलीच माती थोडं चांगलं कुजलेलं शेणखत मिसळून परत भरा. बुंधा जिथे रुंद होऊन मुळांना मिळतो ती जागा जमिनीच्या वर दिसली पाहिजे.

काठी बांधायची तर सैल बांधा आणि वर्षभरात काढा. वाऱ्यात हलल्यानेच खोड जाड होतं. घट्ट बांधलेलं रोप काठीच्या भरवशावर उंच वाढतं आणि काठी काढली की वाकतं.

पायरी ६: पहिली तीन वर्षं

वेग मिळतो तो इथे. रोज तांब्याभर पाणी घातलं तर मुळं वरच राहतात. पाऊस नसेल तेव्हा सुरुवातीचे काही आठवडे दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा, पण आळं (बुंध्याभोवतीचा पाणी धरणारा गोल खळगा) भरून आणि मुरेपर्यंत द्या. आळं दर काही महिन्यांनी बाहेर सरकवत न्या, मुळं पाण्याच्या मागे जातात. आळ्यात तीन-चार इंच पालापाचोळा अंथरा, फक्त खोडापासून चार बोटं लांब ठेवा.

छाटणीत घाई नको. खालच्या फांद्या पहिली दोन वर्षं खोड पोसतात. पण एक गोष्ट जरूर पाहा: शेंड्याला दोन फांद्या सारख्या जाडीच्या, अरुंद बेचकीत उभ्या वाढत असतील तर जवळ जाऊन बेचकीत बोट फिरवा. साल आत दुमडून खाच पडलेली लागली तर तो जोड कच्चा आहे. पुढे भार आला की तिथूनच झाड चिरतं. दोनांतली एक फांदी बोटाएवढी असतानाच धारदार कात्रीने काढा. जखम वर्षभरात भरून येते. तीच फांदी मनगटाएवढी झाल्यावर काढली तर जखम भरायला कित्येक वर्षं लागतात, आणि तेवढ्यात कुज आत लाकडात शिरलेली असते.